सेंट लुसियात सात रात्री: मुक्काम कुठे करावा, सहली किती घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये शनिवार ते शनिवार सात रात्री कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर जायचंय. बरोबर दहा आणि सहा वर्षांची मुलं आहेत, पुण्याहून अमेरिकेत तुमच्याकडे आलेले सासू-सासरे आहेत. उत्तरेला रॉडनी बेजवळचं एक ऑल-इन्क्लुझिव्ह (खाणं-पिणं भाड्यातच धरलेलं) रिसॉर्ट तुम्ही हेरून ठेवलंय आणि तिथून रोज एक सहल करायचा विचार आहे. बेट एवढंसं, मग अडचण काय, असा तुमचा प्रश्न.

आम्ही आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन नेमकं हेच केलं होतं, म्हणून मनापासून सांगते: सातही रात्री एकाच ठिकाणी काढू नका. पहिल्या तीन रात्री दक्षिणेला सूफ्रिएर गावाजवळ राहा, मग चार रात्री रॉडनी बेला. आणि मोठ्या सहली अख्ख्या आठवड्यात तीनच ठेवा.

याचं कारण रस्ता. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ४३ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून लोणावळा लांब पडेल. पण मधे सगळा डोंगर आहे. राजधानी कॅस्ट्रीजवरून आन्स ला रे, कॅनरीज ही मच्छीमारांची गावं घेत सूफ्रिएरला जाणारा रस्ता म्हणजे आपला वरंधा घाट समजा: एका वळणातून बाहेर येतोय तोवर दुसरं समोर. रॉडनी बेहून सूफ्रिएरला एका बाजूचा दीड तास सहज जातो. आणि बघण्यासारखं बहुतेक सगळं, म्हणजे ते दोन सुळके, गंधकाचे झरे, धबधबे, कोकोच्या बागा आणि उत्तम प्रवाळ, हे सगळं सूफ्रिएरच्याच आसपास आहे. तुमचं विमान उतरणार तो ह्यूनोरा विमानतळही दक्षिण टोकाला, व्यू फोर्टला. म्हणजे दक्षिणेत उतरायचं, दीड तास उत्तरेला जायचं आणि मग पाहण्यासाठी परत रोज दक्षिणेला यायचं. आम्ही लागोपाठ दोन दिवस ही फेरी केली. सहल ठरवून देणाऱ्याने कागदावर ‘४५ मिनिटे’ असं लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलीला गाडी लागली, तीनदा थांबावं लागलं, बाबांची कंबर धरली, आणि धबधब्यापाशी पोचलो तेव्हा गाडीतून उतरायला कोणीच तयार नव्हतं. तिसऱ्या दिवसाची सहल आम्ही रद्द केली.

म्हणून उतरल्या उतरल्या सूफ्रिएर गाठा. विमानतळावरून तासाभराचं अंतर. तिथून सगळं पंधरा-वीस मिनिटांवर येतं, त्यामुळे सकाळी दोन तास एखादी गोष्ट बघायची, दुपारी जेवून आजी-आजोबांना आडवं होऊ द्यायचं आणि चारला मुलांना घेऊन पाण्यात उतरायचं, हा क्रम जमतो. तीन पिढ्या बरोबर असताना दुपारचा आराम चुकवून चालत नाही.

ग्रो पिटॉन (७७० मीटर) आणि पेती पिटॉन (७४३ मीटर) हे दोन सुळके थेट समुद्रातून वर आलेत. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. ग्रो पिटॉनवर चढता येतं, पण वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो आणि जाऊन-येऊन चार-पाच तास लागतात. सहा वर्षांच्या मुलाचं ते काम नाही. तुमच्यापैकी एकाने दहा वर्षांच्या मुलाला घेऊन पहाटे निघून निम्म्यापर्यंत जाऊन यावं, तिथूनच पेती पिटॉन समोर दिसतो. चढाई सुरू होते त्या वस्तीचं नाव फाँ जाँ लिब्र, म्हणजे ‘मुक्त माणसांचं खोरं’. मळ्यांतून निसटलेले गुलाम इथे लपून राहिले आणि लढले. आजचे बरेचसे वाटाडे याच वस्तीतले आहेत. चढायच्या आधी त्यांना तो इतिहास विचारा, चांगला सांगतात. बाकी सगळ्यांसाठी टेट पॉल ही पायवाट आहे. पाऊण तासाची, थोड्या पायऱ्या, आणि दोन्ही पिटॉन एका नजरेत. सासूबाईंचे गुडघे बरे असतील तर त्यांनाही झेपेल.

गंधकाचे झरे चुकवू नका. जुन्या ज्वालामुखीच्या खोलगटात करडी जमीन, वाफेचे लोट आणि खदखदणारा काळा चिखल. गाडीतून उतरल्याबरोबर आई म्हणाली, “अगं, कोणी पादेलोणाची बरणी उघडी ठेवलीय का?” तंतोतंत तोच वास. पूर्वी लोकांना उकळत्या कुंडांच्या अगदी काठापर्यंत नेत. वरचं कवच खचून एक वाटाड्या भाजला, तेव्हापासून कठड्यापलीकडे कोणालाही सोडत नाहीत. खालच्या बाजूला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे अंगाला चिखल फासायचा, वाळू द्यायचा आणि मग पाण्यात उतरायचं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी चांगलंच कढत असतं, तेव्हा सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांनी काठावर पाय सोडून बसावं. आणि अंगावरची चांदी आधी काढून ठेवा. माझ्या जोडव्यांचं मला भानच राहिलं नाही. पाण्यातून बाहेर आले तर दोन्ही पायांची जोडवी शिसपेन्सिलीच्या टोकासारखी काळी पडलेली. गंधकाने चांदी अशीच काळवंडते. घरी आल्यावर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी घालून त्यात बुडवली, तेव्हा ती पुन्हा पांढरी झाली. पोहण्याचे कपडेही जुने, गडद रंगाचे घाला.

वाटेतच डायमंड धबधबा आणि बाग आहे. खनिजांमुळे कातळावर पिवळे, हिरवे, तपकिरी पट्टे उमटलेत. तिथली जुनी स्नानगृहं १७८४ मध्ये सोळाव्या लुईच्या सैनिकांसाठी बांधलेली. तासाभरात उरकतं.

पाण्याखालचं बघायला आन्स शास्तनेला जा. किनाऱ्यापासून चार हात मारले की प्रवाळ सुरू होतं, त्यामुळे बोटीतून उडी मारायची मुलांना वाटणारी भीती इथे नसते. वाळू काळसर आहे, फोटोतल्यासारखी पांढरीशुभ्र नाही. ज्वालामुखीचं बेट आहे, त्याची खरी वाळू हीच. सेंट लुसियातले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. रिसॉर्टच्या आराम-खुर्च्यांचे पैसे पडतात, वाळूचे आणि पाण्याचे नाहीत, तेव्हा संकोच करू नका.

चौथ्या दिवशी उत्तरेला जाताना घाटाने जाऊ नका, पाण्याने जा. सूफ्रिएरच्या धक्क्यावर पाण्याच्या टॅक्सी मिळतात. भाडं आदल्या दिवशी ठरवा आणि सामानासाठी ताडपत्री मागून घ्या. वाटेत मरीगो बेच्या निमुळत्या खाडीत थांबून जेवा. म्हणजे रॉडनी बेहून निघणारी कॅटमरानची (दोन जोडसांगाड्यांच्या बोटीची) दिवसभराची सहल वेगळी घ्यायची गरजच उरत नाही, हा प्रवासच ती सहल. सकाळी निघा, वारा वाढायच्या आत पोचलेलं बरं. बोट लागणाऱ्याने गोळी निघायच्या आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नाही.

रॉडनी बेला मात्र काही ठरवू नका. रेड्वी बीच पश्चिमेला तोंड करून आहे, पाणी शांत, वाळू सोनेरी. मुलांना दिवसभर तिथे सोडा. एका सकाळी पिजन आयलंडला जा. पूर्वी हे खरंच बेट होतं, १९७०च्या दशकात भराव घालून जोडलं. वरच्या किल्ल्यातून ब्रिटिश अॅडमिरल रॉडनी समोरच्या मार्टिनिक बेटावरच्या फ्रेंच आरमारावर नजर ठेवून असे, स्वच्छ दिवशी मार्टिनिक आपल्यालाही दिसतं. सासरे क्रिकेटवाले असतील तर जवळच्या ग्रोझिले गावचं डॅरेन सॅमी क्रिकेट मैदान नक्की दाखवा. २०२४च्या टी-२० विश्वचषकात रोहितने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा केल्या त्या इथेच. बाबा बंद फाटकाबाहेर दहा मिनिटं नुसते उभे होते. आणि शुक्रवारी, म्हणजे तुमच्या शेवटच्या संध्याकाळी, ग्रोझिले गावात रस्त्यावर मासे भाजतात, गाणी लावतात. सात वाजता जा आणि नऊला परत फिरा, त्यानंतर मुलांना गर्दी सोसत नाही.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात शाकाहारी असतील तर ऐका. कॅललू म्हणजे अळूच्या पानांचं सूप, चक्क आपलं फदफदं. फक्त त्यात खेकडा किंवा डुकराचं मांस असतं, ते घालू नका असं स्पष्ट सांगावं लागतं. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला निरफणस, इथे निखाऱ्यावर भाजतात. बटाटा-छोल्यांचं सारण भरलेली रोटीही मिळते. कॅरिबियनमध्ये ती भारतातून नेलेल्या मळेमजुरांबरोबर आली. १८५९ मध्ये त्यांचं पहिलं जहाज सेंट लुसियाला लागलं. सकाळी कोको टी प्या, दालचिनी-जायफळ घातलेला. हे सगळं बाहेर मिळतं, म्हणून दक्षिणेत फक्त नाश्ता धरून खोली घ्या. सहलीच्या दिवशी ऑल-इन्क्लुझिव्हचं दुपारचं जेवण फुकट जातं.

टॅक्सीला मीटर नसतो. आकडा सांगितला की ‘अमेरिकन की ईस्ट कॅरिबियन?’ हे बसायच्या आधी विचारा, कारण एका अमेरिकन डॉलरचे २.७० ईस्ट कॅरिबियन डॉलर होतात. चार्जरसाठी ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा अॅडॉप्टर लागेल. मुलांचे लष्करी ठिपक्यांचे कपडे घरीच ठेवा, सेंट लुसियात सामान्य माणसाला ते घालायला कायद्याने बंदी आहे. किनाऱ्यावर खोडाला लाल पट्टा रंगवलेलं, छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी फळं लागलेलं झाड दिसलं तर मुलांना त्याखाली खेळू देऊ नका. मँचिनील ते, त्याच्या चिकाने कातडी भाजते, पावसात त्याखाली उभं राहिलं तरी.

सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट भारतीय असतील तर त्यांचा सेंट लुसियाचा व्हिसा आणि परत अमेरिकेत शिरण्याची परवानगी, दोन्हींची खात्री तिकिटं काढायच्या आधी करा. आणि धाकट्यासाठी स्नॉर्कलचा (पाण्यात तोंड घालून पोहताना श्वास घ्यायच्या नळीचा) मास्क अमेरिकेतूनच विकत घ्या. भाड्याचे मास्क एवढ्या लहान चेहऱ्याला नीट बसत नाहीत, पाणी शिरतं आणि मूल घाबरतं. निघायच्या आधी आठवडाभर रोज बाथटबमध्ये तो लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय करा.