जावा अॅप्लिकेशनला हायबरनेटद्वारे दुसरा डेटाबेस कसा जोडावा?

स्प्रिंग बूट (जावा अॅप्लिकेशन उभारण्याची चौकट) व हायबरनेट (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) यांवर चालणाऱ्या अॅप्लिकेशनला दुसरा डेटाबेस जोडताना केवळ दुसरी यूआरएल लिहून भागत नाही, कारण स्प्रिंग बूटची स्वयंचलित मांडणी एकच डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी पुरवणारा ऑब्जेक्ट) गृहीत धरते. म्हणून प्रत्येक डेटाबेससाठी स्वतंत्र डेटासोर्स, एंटिटी मॅनेजर फॅक्टरी (हायबरनेटचे काम त्या डेटाबेसवर चालवणारी) आणि ट्रान्झॅक्शन मॅनेजर (बदल एकत्र पक्के किंवा रद्द करणारा) असे तीन बीन, म्हणजे स्प्रिंगने सांभाळलेले ऑब्जेक्ट, स्वतः घोषित करावेत व मुख्य डेटाबेसच्या तिन्हींवर ‘प्रायमरी’ अॅनोटेशन लावावे. दोन्ही डेटाबेसच्या एंटिटी (टेबलांशी जुळणारे क्लास) आणि रिपॉझिटरी (त्यांची माहिती वाचणारे-लिहिणारे इंटरफेस) वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवाव्यात. कोणत्या पॅकेजने कोणती फॅक्टरी वापरायची, हे ‘एनेबल जेपीए रिपॉझिटरीज’ या अॅनोटेशनमध्ये सांगता येते.

हिकारी पूलच्या (स्प्रिंग बूट मुळातच वापरत असलेला, डेटाबेसच्या जोडण्यांचा साठा) डेटासोर्सला सेटिंग फाइलमधले गुणधर्म थेट बांधले, तर ‘यूआरएल’ऐवजी ‘जेडीबीसी-यूआरएल’ हे नाव लागते; येथे पुष्कळांचा वेळ जातो.

सर्वांत जास्त काळजी ट्रान्झॅक्शनची घ्यावी. दुसऱ्या डेटाबेसवर लिहिणाऱ्या मेथडच्या ‘ट्रान्झॅक्शनल’ अॅनोटेशनमध्ये त्याच्या मॅनेजरचे नाव दिले नाही, तर ती मेथड प्रायमरी मॅनेजरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि मध्येच चूक झाल्यास दुसरीकडचे बदल तिच्यासोबत मागे घेतले जातील याची खात्री राहत नाही. दोन्हीकडचे बदल एकत्रच पक्के किंवा रद्द व्हायला हवे असतील, तर जेटीए (अनेक डेटाबेसवरचे एकच ट्रान्झॅक्शन चालवण्याचे जावाचे मानक) आणि अशा ट्रान्झॅक्शनमध्ये भाग घेऊ शकणारे एक्सए डेटासोर्स लागतात, मात्र ती गुंतागुंत खरी गरज असेल तरच स्वीकारावी.