पहिला ख्रिसमस त्यांच्याशिवाय

आपलं माणूस गेल्यानंतरचा पहिला ख्रिसमस जड जातोच, म्हणून घरच्यांना आत्ताच सांगून ठेव की मी येईन पण नाही झेपलं तर मधेच उठून जाईन, कुणी मनावर घेऊ नका. एवढं आधी बोललं की बरंच टेन्शन जातं. आणि खरं सांगू का, २५ तारखेपेक्षा आधीचे दिवसच जास्त छळतात, कॅरल्स (ख्रिसमसची गाणी) कानावर पडल्या की एकदम भरून येतं, त्यामुळे तो दिवस त्यामानाने बरा गेला तर अपराधी वाटून घेऊ नकोस. तुला दुखेल म्हणून सगळे गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं टाळतील, तेव्हा तूच एखादी आठवण काढ, मग बाकीचे पण मोकळे होतात. मिडनाइट मासची (चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेची) गर्दी नको वाटली तर सकाळच्या मासला जा, दाराजवळ बस. ट्री यंदा नाही सजवला तरी चालतं (लहान मुलं असतील तर मात्र सजवच).