गूल्डची नक्कल करावी का?

प्रश्न : मुलगी पणजीला पियानो शिकते. पियानोवादक ग्लेन गूल्ड ऐकून बाखचं आठव्या क्रमांकाचं इन्व्हेन्शन (दोन हातांत दोन सुरावटी असलेली छोटी रचना) तशाच तुटक स्वरांत वाजवते. शिक्षक रागावतात. चूक कोणाची? – एक पालक, मडगाव

उत्तर : गूल्डचा तुटकपणा ही लहर नव्हे. बाखच्या काळातल्या हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्यावर पट्टी हळू-जोरात दाबून आवाज लहानमोठा होत नसे. म्हणून गूल्ड जोराऐवजी स्वराच्या लांबीने सुरांची वाक्यं वेगळी करतो. बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना त्याने 1955 मध्ये सुमारे 38 मिनिटांत उरकली, 1981 मध्ये 51 मिनिटं घेतली. मग नक्कल नेमकी कोणत्या गूल्डची? मोझार्टच्या बाबतीत मात्र आम्ही शिक्षकांच्या बाजूचे. तिथे गूल्डची विक्षिप्त गती अनेकदा निव्वळ खोडी वाटते.

मुलीने आधी स्वर लांबवणाऱ्या पेडलला पाय लावू नये. मेट्रोनोमवर क्रॉचेट (एका मात्रेचा स्वर) मिनिटाला 60 ठेवून एकेक हात बसवावा. क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचे स्वर) लिहिल्याच्या अर्ध्या लांबीचे, सेमीक्वेव्हर (पाव मात्रेचे) जोडलेले. डावा हात एका मापाने (मात्रांच्या एका आवर्तनाने) मागून तीच चाल घेतो, तेव्हा तुटकपणाही तोच हवा. बहुतेकांचं इथेच बिघडतं : उजवा हात नेटका, डावा चिकट. गूल्डसारखी बुटकी खुर्ची नको. मनगट पट्टीखाली लोंबतं आणि खांदे आखडतात. कोपर पट्टीच्या पातळीला असू द्या.

आणि हो, आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या जड उठतात. तेव्हा स्वर चिकटला तर मुलीला बोलण्याआधी ट्यूनरला बोलवा.