वाचकांचे प्रश्न : एम.एस्सी. बायोटेक आणि लॅबमधली दोन वर्षं

प्रश्न : बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला गावाजवळच्या कॉलेजात सहज प्रवेश मिळेल, पण घरचे म्हणतात पुण्या-मुंबईलाच जा. कसं ठरवावं?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : शहराचं नंतर बघू, आधी लॅब बघा. प्रवेशाच्या दिवशी नको, प्रॅक्टिकल चालू असेल अशा एखाद्या वारी जा. एका मायक्रोपिपेटमागे (थेंबाहूनही कमी द्रव मोजून घ्यायचं साधन) किती मुलं उभी आहेत ते मोजा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, पीसीआर मशीन (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं) शेवटचं कधी लावलं होतं? वीज गेली की उणे वीसचा फ्रीझर कशावर चालतो? एन्झाइमं त्यातच असतात. तो दर आठवड्याला चार तास बंद राहत असेल तर प्रयोग बिघडणारच.

मग लायब्ररीत गेल्या वर्षीची दोन-तीन डेझर्टेशन्स मागा आणि थेट निकालांचं पान उघडा. लेन क्रमांक लिहिलेला, थोडा वाकडा आलेला का होईना, पण स्वतःच्या जेलचा (ज्यात डीएनएचे तुकडे विजेने लांबीनुसार वेगळे करतात ती चकती) फोटो असेल तर तिथे काम होतं. पाठ्यपुस्तकातली गुळगुळीत चित्रं असतील तर समजून जा. या कसोटीला जवळचं कॉलेज उतरत असेल तर तिथे बिनदिक्कत प्रवेश घ्या.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी मात्र जीएटी-बी ही परीक्षा जरूर द्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा जैवतंत्रज्ञान विभाग, गोवा विद्यापीठाचा सागरी जैवतंत्रज्ञान अभ्यासक्रम या वाटेने मिळतात. तीन तास, 240 गुण. ‘अ’ भागात बारावीच्या पातळीचे 60 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण, चुकलं की अर्धा वजा. ‘ब’ भागात 100 पैकी 60 सोडवायचे, प्रत्येकी 3 गुण, चुकलं की 1 वजा. म्हणजे 180 गुण ‘ब’मध्येच आहेत. तरीही ‘अ’कडे पाठ फिरवू नका, कारण त्यात गणित आणि भौतिकशास्त्र येतं आणि बी.एस्सी.च्या तीन वर्षांत नेमकं तेच सुटलेलं असतं.

प्रश्न : डाळिंबाच्या पानांतून डीएनए काढून पीसीआर लावते आहे. महिना झाला, एकदाही बँड (जेलवरची डीएनएची पट्टी) नाही. लॅडर स्वच्छ दिसतो. ‘परत लाव’ एवढंच सांगितलं जातं. चूक शोधायची कुठे?
– एम.एस्सी. भाग 2, सोलापूर

उत्तर : नुसतं परत लावून काही हाती लागणार नाही. लॅडर, म्हणजे ठाऊक लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी, दिसतो म्हणजे जेल, बफर, रंग आणि विजेची दिशा ठीक आहे. तिकडे वेळ घालवू नका. आता एकाच वेळी चार नळ्या लावा. पहिलीत हमखास चालणारा डीएनए, त्याच्याच प्रायमरांसह (प्रत कुठून सुरू व्हायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे). दुसरीत तेच सगळं, शिवाय तुमच्या डाळिंबाच्या डीएनएचा 1 मायक्रोलिटर. तिसरीत तुमचा नमुना तुमच्या प्रायमरांसह, चौथीत डीएनएऐवजी पाणी.

पहिलीत बँड आला आणि दुसरीत गायब झाला, तर तुमच्या डीएनएत प्रती काढणाऱ्या टॅक एन्झाइमला अडवणारं काहीतरी आहे. डाळिंबात हा संशय पहिला घ्यावा, कारण पानांत टॅनिन भरपूर असतं. डीएनएची गोळी पांढरी न येता चहासारखी तपकिरी येते का? मग निदान जवळपास पक्कं. जून पान सोडा, शेंड्याची कोवळी पानं घ्या. सीटॅब बफरमध्ये (पानांतून डीएनए काढायचं द्रावण) टॅनिन धरून ठेवणारं पीव्हीपी 2 टक्के असू द्या आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल 0.2 टक्के, तेही त्याच दिवशी, फ्यूम हूडखाली घाला. आठवडाभर घालून ठेवलेलं उपयोगाचं नाही. नॅनोड्रॉपवर (डीएनएची शुद्धता प्रकाशाने मोजणारं यंत्र) 260/280 चं गुणोत्तर 1.8 च्या आसपास आलं की मुलं निश्चिंत होतात. 260/230 सुद्धा बघा. ते 2 च्या बरंच खाली असेल तर शर्करा, फिनॉल किंवा मीठ उरलंय. हातात आहे तोच डीएनए दहापट आणि पन्नासपट पातळ करून लावा. डीएनएबरोबर अडथळाही पातळ होतो, आणि बऱ्याचदा एवढ्यानंच बँड येतो.

पहिल्याच नळीत बँड नसेल तर मिश्रण तपासा. 25 मायक्रोलिटरची बेरीज अशी : मॅग्नेशियमसह दहापट बफर 2.5, 10 मिलिमोलर डीएनटीपी मिश्रण (डीएनएचे सुटे घटक) 0.5, 10 मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर प्रत्येकी 0.5, टॅक 0.2, डीएनए 1 (सुमारे 50 नॅनोग्रॅम), पाणी 19.8. इथे टॅक 0.2 अचूक घेणं कुणाच्याच हाताला जमत नाही. म्हणून नळ्या चार असतील तर पाचांचं मिश्रण एकत्र करा आणि वाटा. प्रायमर नि डीएनए वेगळे असतील ते नंतर घाला. टॅक ग्लिसरॉलमध्ये असतं, टिपला बाहेरून चिकटतं. टिपचं फक्त टोक बुडवा, सावकाश ओढा, सावकाश सोडा.

प्रायमर विरघळवताना गोंधळ झालाय का तेही बघा. नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर पावडर झाकणालाच राहते. लेबलवर 24.6 नॅनोमोल असेल तर 246 मायक्रोलिटर टीई बफर घाला, हा 100 मायक्रोमोलरचा साठा झाला. त्यातले 10 आणि पाणी 90, म्हणजे वापरायचं द्रावण. साठ्यातूनच थेट घातलं तर 100 बेसपेअरच्या खाली एक धूसर पट्टा दिसतो. तो प्रायमर एकमेकांना चिकटून झालेला असतो, तुमचा बँड नव्हे.

पहिली आणि दुसरी दोन्ही चालल्या, तिसरी नाही, तर तुमच्या प्रायमरांचं ॲनिलिंग (डीएनएला चिकटण्याचं) तापमान शोधा : टीएमच्या (प्रायमर डीएनएपासून सुटू लागतो त्या तापमानाच्या) 5 अंश खालपासून ग्रेडियंट, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी तापमानं, लावा. आणि चौथ्या, पाण्याच्या नळीत बँड दिसला तर आनंद मानू नका. पाणी किंवा पिपेट दूषित आहे, त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी एक खासगी केंद्र पैसे भरून ‘तयार प्रोजेक्ट’ आणि प्रमाणपत्र देतं. बरेच जण घेतात. घ्यावा का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही. राज्यातल्या नव्या रचनेत संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्यात 6 क्रेडिट आहेत. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच येतो. ‘निगेटिव्ह कंट्रोल (वरच्या पाण्याच्या नळीसारखा ताळा) काय ठेवला होता?’ एवढं विचारलं की विकत घेतलेला प्रोजेक्ट उघडा पडतो. हे पैसे बहुतेक घरांतून कर्ज काढून येतात, याचं फार वाईट वाटतं.

त्याऐवजी चार-पाच महिने आधी पत्रं पाठवायला लागा. पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञान), एनसीएल (रसायनशास्त्र), आघारकर संशोधन संस्था, मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, सोलापुरात डाळिंब केंद्र, खारघरला ॲक्ट्रेक (कर्करोग संशोधन). एकाच मेलमध्ये वीस शास्त्रज्ञांचे पत्ते टाकले तर कुणीच उत्तर देत नाही. एकेकाला वेगळं लिहा, दीडशे-दोनशे शब्दांत : त्यांचा अमुक शोधनिबंध वाचला, त्यातली ही गोष्ट कळली नाही, मला स्वतःच्या हाताने एवढं येतं, अमुक तारखेपासून इतके महिने देऊ शकतो. दहा दिवसांनी एकदा आठवण करा. कुठेच जमलं नाही तरी आपल्याच कॉलेजात, कमी साधनांत केलेला छोटा प्रयोग चालेल. मातीतून जिवाणू वेगळे करून त्यांचं एन्झाइम तीन-तीन वेळा मोजलं, तरी तो प्रामाणिक प्रकल्प होतो.

प्रश्न : मुलगा एम.एस्सी. करतोय. पुढे नोकरी आहे का?
– एक पालक, जळगाव

उत्तर : वाटा दोन. संशोधनाची असेल तर सीएसआयआर-नेट ही परीक्षा. तिच्यातून मिळणाऱ्या जेआरएफला (संशोधन शिष्यवृत्ती) जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, वर घरभाडं भत्ता. पेपर 200 गुणांचा. त्यातला ‘क’ भाग एकटा 100 गुणांचा, आणि तो पाठांतराने सुटत नाही, प्रयोगाचा निकाल वाचता यावा लागतो. त्यामुळे त्याची तयारी लॅबमध्येच होते.

दुसरी वाट लस आणि औषध कंपन्यांची, बहुधा गुणवत्ता नियंत्रणातून सुरुवात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पहिली दोन वर्षं धीर धरावी लागेल. तिथे निर्जंतुक काम, एलायझा (प्रथिनं ओळखायची चाचणी), एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) आणि नोंदी विचारतात. नोंदीची सवय त्याला आजच लावता येईल : जर्नलमध्ये चुकलं तर व्हाइटनर नाही, पान फाडायचं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता यायला हवं, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख.