दुधाचे दात पडणारच, मग कशाला दाखवायचं?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही धारूर तालुक्यातले, दसरा झाला की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. माझं लेकरू अडीच वर्षाचं आहे, वरचे समोरचे चार दात काळे पडून झिजलेत, रात्री झोपेतून उठून रडतंय. सासूबाई म्हणतेत दुधाचे हायत, पडतीलच, पैसे कशाला घालवायचे. मला पाचवा महिना चालू आहे, ब्रश केला की हिरड्यातून रक्त येतं म्हणून मिसरीच लावते, तिनं बरं वाटतं. पोटुशी असताना दाताचं काही करता येत नाही म्हणे. खरंय का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, पडतात. पण समोरचे पडतात सहा-सात वर्षाला आणि दाढा दहा-बारा वर्षाला, तोवर लेकरानं भाकर कशानं चावायची? आणि कीड मुळापर्यंत गेली तर खालून येणाऱ्या पक्क्या दातालाही डाग लागू शकतो.

आता एक करा, लेकराला उजेडात मांडीवर झोपवा आणि खालचा ओठ ओढून बघा. खालचे दात धड असतील तर हे बहुतेक बाटलीचं काम आहे. झोपेत गोड दूध वरच्या दातांवर साचून राहतं, खालच्यांना जीभ झाकते. पहाटे फडावर निघताना लेकरू उठू नये म्हणून बाटली तोंडात देतात आणि दिवसभर त्याच्या हातात उसाचं कांडं असतं, हे मला माहीत आहे, उसाच्या फडात ऊस देऊ नका म्हणणारा मी कोण. पण झोपेच्या बाटलीत फक्त पाणी, ऊस खाल्ला की चूळ, आणि रात्री तुम्ही स्वतः ब्रश करून द्यायचा, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी (पाकिटावर १००० पीपीएम बघून घ्या). पोटातल्या बाळालाही पहिला दात आला की हेच, साधारण सहाव्या महिन्यात.

मिसरी मात्र आजच बंद. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून रक्त कमी दिसतं, हिरडी आतून बिघडतच राहते, शिवाय तो तंबाखू बाळापर्यंत पोचतो आणि बाळ वजनाला कमी भरतं. दिवस गेल्यावर हिरड्या सुजतातच, मऊ ब्रशनं हळू घासत राहा, रक्त येतंय म्हणून थांबू नका. गरोदरपणात काही करता येत नाही हे चूक आहे, त्या जागेपुरती भूल देऊन दात काढता येतो, भरता येतो, उलट चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा. पाचवा महिना आहे हे फक्त आधी सांगायचं, आणि दुखायची गोळी मेडिकलवरून मनानं घ्यायची नाही.

कुठं जायचं? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, आशाताईला बरोबर घ्या, लेकरालाही न्या, आणि तिथंच दाताच्या डॉक्टरकडं चिठ्ठी मागा. तुम्हाला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल, मोठं काम निघालं तर संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा लेकरांची तपासणी करणारं पथक येतं, त्यात दातही बघतात, पण ते येतं तेव्हा तुमची लेकरं कुठल्यातरी कारखान्याच्या कोप्यांवर (ऊसतोडीच्या झोपड्यांवर) असतात आणि हजेरीत नुसता गैरहजर शेरा पडतो, याचा मला खरंच राग येतो. ज्यांचे दात जास्त किडतात त्यांचीच तपासणी चुकते! म्हणून अंगणवाडीताईला तारीख विचारून ठेवा, आणि फडावर गेल्यावर तिथल्या अंगणवाडीत नाव घाला, बाहेरगावचे म्हणून ते नाही म्हणू शकत नाहीत.

हे सगळं दसऱ्याच्या आत उरकायचं बघा. मध्येच लेकराचा गाल सुजला, ताप आला तर मात्र कुठंही असा, पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची वाट बघू नका, मुकादमाला सांगून त्याच दिवशी जवळचा सरकारी दवाखाना गाठा.