स्लूपवर एकटं असताना गॅलिअन मागे लागली तर काय करायचं?

तुम्ही विचारलंय की सी ऑफ थीव्हज या चाच्यांच्या ऑनलाइन गेममध्ये एकटाच स्लूप (सगळ्यात छोटं जहाज) घेऊन फिरतो, गॅलिअन (सगळ्यात मोठं) नाहीतर ब्रिग (मधलं) मागे लागली की हमखास बुडतो, तर नेम सुधारायला काय करू. नेमाचं नंतर बघू ओ, नेम आपोआप सुधरतो. तुम्ही बुडताय ते हात कमी पडतात म्हणून. स्लूपवर व्हील (सुकाणू), शिड, तोफ, फळ्या, बादली, वर चढून येणारा माणूस आणि स्वतःचा जीव, एवढं सगळं एकट्याने बघायचंय, आणि समोर गॅलिअनवर चारजण, ब्रिगवर तीनजण. तुम्ही गोळ्याला गोळा मारत बसलात तर नेम कितीही चांगला असू दे, हिशोब जुळतच नाही. गॅलिअनला एका बाजूला चार तोफा, ब्रिगला दोन, तुम्हाला एक. म्हणून पहिलं डोक्यात हे पक्कं करा की आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त गोळे मारायचे नाहीयेत, त्यांचे हात कामाला लावायचेत. एक भोक पडलं की एकजण फळी घेऊन खाली पळतो, पाणी वाढलं की दुसरा बादली घेतो, डोलकाठी पडली की तिसरा दोरावर जातो, आणि मग तुमच्यावर तोफ चालवायला राहतो कोण?

मी सोलापूरला असतो, माझे खेळणारे मित्र सगळे नोकरीला पुण्यात, त्यांच्या शिफ्ट आणि माझी वेळ काही जमत नाही, त्यामुळे माझा बराचसा गेम एकट्यानेच झालाय. म्हणून खाली जे लिहितोय ते एकट्याच्या नजरेनं आहे, दोघं असाल तर अर्ध्या गोष्टी बदलतील.

आता जागा. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बाकी नाही वाचलं तरी एवढं वाचा. गॅलिअनच्या तोफा फक्त दोन्ही बाजूंना आहेत, पुढे नाही मागे नाही. म्हणजे तिच्या शेपटीला चिकटून राहिलात तर चारही तोफा बिनकामाच्या. पण अडचण अशी की तुमच्याही तोफा बाजूलाच आहेत, त्यामुळे सरळ तिच्या मागे मागे गेलात तर तुम्हीही काही मारू शकत नाही, आणि मारायला आडवे झालात तर ती पुढे निघून जाते. म्हणून तिला सरळ पळू द्यायचं नाही, गोल फिरायला लावायचं. तुम्ही जवळून वळायला लागलात की त्यांनाही बाजूची तोफ तुमच्यावर धरायची असते म्हणून ते वळतात, आणि वळण्यात स्लूप गॅलिअनला ऐकत नाही. तुमचं वर्तुळ छोटं, तिचं मोठं. शिड थोडं वर घ्या, वेग कमी झाला की वळण अजून छोटं होतं, आणि दोन फेऱ्यांत तुम्ही तिच्या मागच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला येता. तिथून तुमची तोफ थोडी पुढे वळवली की तिचा मागचा भाग समोर आणि तिची एकही तोफ तुमच्याकडे नाही. साध्या रस्त्यावर बसला रिक्षा कधी हरवणार नाही पण नवी पेठेच्या गर्दीत वळवायची वेळ आली तर बघा, तसंच आहे हे.

आणि हे काय गेम बनवणाऱ्यांनी काढलेलं डोकं नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची गुराबं आणि गलबतं इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपुढे लहानच होती, ती बाजूने जाऊन तोफा खात बसायची नाहीत, मागच्या बाजूने यायची आणि आधी डोलकाठ्या आणि शिडं तोडायची, वारा पडला असेल तर वल्ह्यांच्या गलबतांनी गुराबं ओढत न्यायची. इंग्रज त्यांना चाचे म्हणत राहिले, पण कान्होजी 1729 ला वारले तोपर्यंत त्यांचं आरमार काही इंग्रजांना मोडता आलं नाही. सोलापूरला समुद्र बघायचा तर दिवसभराचा प्रवास, पण ही गोष्ट शाळेपासून माहिती आहे, फक्त ती गेममध्ये कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

व्हीलचं एक सांगतो, ते पूर्ण एका बाजूला फिरवून सोडलं की तिथंच राहतं. म्हणून एकट्याने व्हीलवर उभं राहायची गरज नाही, फिरवा, सोडा, चार पावलं पुढे तोफेवर या, दोन गोळे मारा, मान वळवून बघा, परत जा. लोक व्हीलला चिकटून राहतात नाहीतर तोफेला चिकटून राहतात, दोन्ही चूक. आणि अँकरची वळणं शिकून घ्या, पूर्ण वेगात व्हील फिरवलेलं असताना अँकर टाकला की स्लूप जागच्या जागी गर्रकन फिरते, स्लूपचा अँकर एकट्याला पटकन उचलता येतो पण गॅलिअनचा उचलायला जास्त लोक लागतात, ते सहसा हे करायला बघत नाहीत. मात्र तोफेच्या माऱ्यात असताना हे करू नका, थांबलेली स्लूप म्हणजे आयतं गिऱ्हाईक.

मारायचं कुठं? खाली, पाण्याच्या रेषेला. वरच्या डेकला पडलेल्या भोकातून पाणी येत नाही, पाणी तिथपर्यंत चढलं तरच येतं, गॅलिअनला तर मधलापण मजला आहे, तिथं मारलेले गोळे सुरुवातीला वायाच. एकाच जागेवर परत गोळा बसला की भोक मोठं होतं आणि पाणी जोरात येतं. त्यामुळे नवशिके जसं जहाजभर शिंपडतात तसं शिंपडू नका. पण पहिला नंबर चेनशॉटचा (डोलकाठी पाडणारा साखळीचा गोळा), तो डोलकाठीला. ब्रिगला दोन डोलकाठ्या, त्यातली एक पाडली तरी ती लंगडी होते, गॅलिअनला तीन आहेत त्यामुळे एकीने तेवढा फरक पडत नाही पण उचलायला माणसं जातातच, आणि आपल्याला तेच पाहिजे. फायरबॉम्ब (आग लावणारा गोळा) पण त्यासाठीच, आग विझवायला बादली लागते, बादली आगीला गेली म्हणजे पाणी काढायला नाही गेली, आणि आग तशीच राहिली तर ती स्वतःच भोकं पाडते. माझा क्रम साधारण असा, चेनशॉट, मग खाली चार पाच साधे गोळे, मग आग, मग परत खाली. आधी आग लावली तर चौघं मोकळे असतात, विझवून टाकतात. अँकरबॉल (समोरच्याचा अँकर पाडणारा गोळा) मिळाला असेल तर तो जपून ठेवा, पळणाऱ्याला नाही तर पाठलाग करणाऱ्याला मारा, त्याचा अँकर पडला की तुम्ही सुटला.

स्वतःच्या जहाजाचं. प्रत्येक भोक बुजवायला पळू नका. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो कारण पाण्याचा आवाज आला की जीव घाबरा होतो. खालच्या मजल्यावर एखादं छोटं भोक असेल तर ते तुम्ही मधेमधे बादलीनं सांभाळू शकता, तेवढ्यात दोन गोळे मारून होतात आणि समोरचे दोघं खाली जातात, मग निवांत बुजवा. वरच्या डेकची भोकं लढाई संपेपर्यंत विसरा. तीन चार भोकं एकदम पडली तर मात्र आधी जहाज वळवा, त्यांच्या तोफेच्या कोनातून बाहेर काढा, आणि मगच खाली उतरा, कारण मारा चालू असताना खाली उतरलात की एक बुजवेपर्यंत दोन नवीन पडतात आणि तुम्ही परत वर येतच नाही, हा एकट्याचा सगळ्यात नेहमीचा शेवट आहे. बुजवताना मोठं भोक पहिलं. पाणी बाहेर फेकायचं, जहाजातच खाली सांडायचं नाही, हसू नका, घाईत होतं.

आता बोर्डर, म्हणजे तुमच्या जहाजावर चढून येणारा माणूस. खरं सांगायचं तर तोफेनं एकटा कमी बुडतो आणि बोर्डरनं जास्त. कारण तुम्ही मेलात की फेरी ऑफ द डॅम्डवर, म्हणजे मेलेल्यांच्या जहाजावर जाता, दार उघडायची वाट बघत उभे राहता, आणि तेवढा वेळ तुमच्या जहाजावर कोणीच नाही. गॅलिअनचा एकजण मेला तरी तिघं उरतात, तुमचा एक मेला तर सगळं संपलं. म्हणून त्यांच्या तोफांकडे बघत राहा, तोफेवर माणूस दिसत होता आणि अचानक नाही, किंवा हवेत काहीतरी उडताना दिसलं (माणूस स्वतःच तोफेतून उडून येतो), की समजा पाहुणा येतोय. स्लूपला दोनच शिड्या, दोन्ही बाजूला एक एक. चढणारा माणूस शिडीवर असताना गोळी मारू शकत नाही, तुम्ही मारू शकता, चढल्याचा आवाज येतो, ब्लंडरबस (जवळून मारायची बंदूक) घेऊन वरच्या टोकाला उभं राहा, डोकं दिसलं की सोडा. हेडफोन नसेल तर हा गेम एकट्यानं खेळू नका असं मी म्हणेन, उन्हाळ्यात आपल्याकडे पंखा फुल असतो त्या आवाजात शिडी ऐकूच येत नाही.

पण त्याहून चांगलं म्हणजे त्याला शिडी सापडूच द्यायची नाही. जहाज चालतं ठेवा आणि तो पाण्यात पडताना दिसला की व्हील थोडं फिरवा, शिडी त्याच्यापासून लांब जाते. आणि तो चुकला, पाण्यात पडला, की त्याला मारायच्या नादाला लागू नका, इथं माझं बऱ्याच जणांशी पटत नाही पण मी ठाम आहे. तो मेला तर थोड्या वेळाने ताजातवाना होऊन स्वतःच्या जहाजावर उठतो. तो पोहत राहिला, मरमेड (जहाजावर परत नेणारी जलपरी) शोधत राहिला, तर तेवढा वेळ त्यांच्याकडे एक माणूस कमी. नेमका तोच वेळ मारा करायचा.

तुम्ही स्वतः त्यांच्या जहाजावर जाऊ का? नाही. युट्यूबवर लोक तोफेतून उडून जातात, चौघांना कापतात, अँकर टाकून परत येतात, ते बघायला भारी आहे. त्यांचं ते रोजचं काम आहे. तुम्ही गेलात की तुमची स्लूप बिनमाणसाची होडी. एकच वेळ मी जाईन, जेव्हा त्यांचं जहाज पाण्यानं जवळजवळ भरत आलंय, सगळे खाली बादल्या मारतायत आणि माझ्या जहाजात एकही भोक नाही. तेव्हा खाली जिन्यात उभं राहून त्यांचा बादलीवाला अडवला तरी काम होतं.

ब्रिगबद्दल वेगळं सांगायला पाहिजे कारण गॅलिअनपेक्षा मला ब्रिगचं टेन्शन जास्त येतं. वळते बऱ्यापैकी, तीन माणसं, एकजण सुकाणूला, एक तोफेला, एक बोर्डिंगला, कामं अगदी बरोबर वाटली जातात. तिच्या शेपटीला टिकून राहणं अवघड. तिथं लांबून आणि आधी चेनशॉट, आणि तो बसला नाही तर सरळ वाऱ्याच्या तोंडावर निघायचं. वारा समोरून असेल तर स्लूप सगळ्यात वेगवान, वारा मागून असेल तर गॅलिअन. हे उलटं केलं की संपलं, बरेच जण घाबरून वारा भरलेल्या शिडानं पळतात आणि गॅलिअन शांतपणे येऊन गाठते. वारा कुठून येतोय हे लढाईच्या आधीच बघून ठेवा, शिड सरळ करून त्याच्या तोंडावर तोंड करा, रात्र असेल तर कंदील विझवा. पळण्यात लाज काही नाही. लूट असेल तर लढूच नका, आधी आउटपोस्टला (लूट विकायचं बेट) विकून या, रिकाम्या जहाजानं लढायला डोकं शांत राहतं. रीपर या गेममधल्या टोळीचा झेंडा लावला तर नकाशावर सगळ्यांना दिसता, एकट्याने तो हौस म्हणूनच लावा. आणि बारूदीची पिंपं जहाजावर ठेवत असाल तर आजच बंद करा, बोर्डरला आयता फटाका देताय.

निघायच्या आधी सामान भरा, गोळे आणि लाकूड तर सगळेच भरतात, पण खायचं विसरतात. शिजवलेलं मांस, अननस, हे जवळ पाहिजे कारण तुमचा जीव हाच जहाजाचा जीव.

सराव कुठं करायचा हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. सेफर सीज या मोडवर (हे डिसेंबर 2023 ला आलं) दुसरी माणसंच नसतात, त्यामुळे तिथं चालवणं, अँकरची वळणं, वारा हे शिका, लढाई नाही. लढाई शिकायला अवरग्लास, म्हणजे जहाजाला जहाज जोडून देणारा लढाईचा प्रकार, नोव्हेंबर 2022 पासून आहे. तिथं एकट्या स्लूपला एकटीच स्लूप जोडून मिळते, म्हणजे हात सारखे, आणि बुडलं की लगेच परत, लूट जायची भीती नाही, हरलात तरी थोडी अलिजन्स (तिथले गुण) मिळते. सुरुवातीला पाच दहा वेळा काय झालं तेच कळणार नाही, चालतंय. तिथं एक गोष्ट मुद्दाम बघा, समोरचा जिंकतो तेव्हा तो नेमानं जिंकला की तुम्ही खाली पाणी काढत असताना त्याला मोकळा वेळ मिळाला म्हणून. बहुतेक वेळा दुसरंच असतं.

पिंगचं (नेटमुळे होणारा उशीर) काही करता येत नाही, माझ्याकडे संध्याकाळी नेट चढउतार करतं आणि बरोबर बसलेला गोळा कधी कधी लागतच नाही, त्यामुळे मी लांबून मारणं कमी केलंय, जवळ राहिलं की फरक कमी पडतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. एवढं करून बघा आणि तुम्ही पीसीवर आहात की कन्सोलवर ते कळवा, पीएस5 वर असाल तर बटणांची मांडणी थोडी बदलून घ्यायला पाहिजे, ते वेगळं लिहितो.