बारावीनंतर डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, करावं का? ऑनलाइन औषधं आल्यावर फार्मासिस्टला काही काम उरलंय का?

सांगलीत विश्रामबागला माझं मेडिकल आहे. स्वतः डी.फार्म, त्यामुळे घरचंच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तासगावकडचे एक आबा आले. "तोंड आलंय, जेवाय येईना. कायतर लावायला दे." जेल काढून द्यायला दहा सेकंद लागले असते. दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का, एवढंच विचारलं. त्यांनी बंडीच्या खिशातून पट्टी काढली. मेथोट्रेक्सेट, संधिवातासाठी. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते.

"कधी घेता आबा?"

"रोज रातच्याला. लिवलंय की त्यावर."

खरंच, जिथून घेतली तिथल्या पोरानं पट्टीवर पेनानं नुसता '1' काढून दिला होता. आबांनी सलग नऊ दिवस घेतली होती. अशी रोज पोटात गेली की रक्तातल्या पेशी घटतात, आणि तोंडातले फोड ही त्याची खूण असू शकते. डॉक्टरांना फोन केला, नातवाला बोलावून आबांना तसंच मिरजेला धाडलं. आठवडाभर ॲडमिट होते. जेल विकायचं राहूनच गेलं.

तर काम आहे ते हे. आम्हाला मात्र कॉलेजात याची सवय कुणी लावली नाही. आमचा अभ्यासक्रम 1991 च्या नियमांचा. प्रॅक्टिकलला खलात मलम घोटलं, इमल्शन केली. दुकानात बसल्यापासून त्यातलं एकदाही करावं लागलं नाही. पेशंटशी बोलायला गल्ल्यावर शिकलो. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून आलं, आणि 2020 च्या नव्या डी.फार्म अभ्यासक्रमात आजार आणि त्यावरचे उपचार असा वेगळा विषयच आहे. मुदत तीच, दोन वर्षं आणि वर मेडिकलमध्ये किंवा हॉस्पिटलात 500 तासांचं ट्रेनिंग. या ट्रेनिंगची बऱ्याच ठिकाणी चेष्टा चालते. "सर, नुसती सही द्या" म्हणत पोरं येतात. मी त्यांना आधी एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांचं रजिस्टर लिहायला बसवतो. काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं देताना डॉक्टर, पेशंट, औषध, नग, सगळं त्यात लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. चार दिवसांत निम्मी पळतात.

पुढं शिकायचं तर डी.फार्मवरून बी.फार्मच्या, म्हणजे फार्मसीच्या डिग्रीच्या, थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, हा कोर्स 2008 पासून आहे, सहा वर्षांचा, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. वॉर्डात डॉक्टरांबरोबर काम आवडणाऱ्यांसाठी तो उत्तम, पण आपल्या भागात तशा नोकऱ्या माझ्या पाहण्यात थोड्याच आहेत.

लायसन दुसऱ्याच्या दुकानाला भाड्यानं देऊन घरी बसायचा बेत असेल तर या वाटेला येऊच नका. आणि समजावून सांगण्याचे पैसे कुणी देत नाही, पोट मार्जिनवरच चालतं, हेही धरून चला. ॲडमिशनआधी ओळखीच्या मेडिकलमध्ये चार दिवस संध्याकाळी सात ते नऊ उभं राहून बघा. माझ्याकडे आलात तरी चालेल, फक्त सोमवारी नको, त्या दिवशी चहा प्यायलाही सवड नसते.